खडूचा खड्डा खोल का दिसतो?

रस्त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेली सूचना गाडीत बसून पाहिली तर नीटस, चौकोनी अक्षरांत लिहिलेली वाटते. तिच्यावरून पायी चालत गेलात तर तीच अक्षरं ओढून ताणल्यासारखी लांबच लांब दिसतात. चालकाचा डोळा जमिनीपासून जेमतेम सव्वा मीटर वर असतो आणि तो दुरून, तिरक्या नजरेनं बघतो. त्यामुळे जमिनीवरची लांबी त्याला चेपलेली दिसते. रंगवणारा हे ओळखून अक्षरं आधीच ताणून ठेवतो. क्रिकेटच्या मैदानावर गवतात रंगवलेली जाहिरात टीव्हीवर उभ्या फलकासारखी दिसते, तीही याच कारणानं. त्या कॅमेऱ्याची जागा ठरलेली असते आणि आकृती त्या जागेसाठीच वाकडी केलेली असते.

फरशीवर खडूनं काढलेला खोल खड्डा आणि त्याच्या काठावर तोल सावरत उभा असलेला माणूस, असे फोटो तुम्ही पाहिले असतील. त्यांतलं गणितही हेच आहे. या प्रकाराला ॲनामॉर्फोसिस म्हणतात: एका ठराविक बिंदूवरून पाहिलं तरच बरोबर दिसणारं, बाकी सगळीकडून विस्कटलेलं चित्र. हे काढायला असामान्य हात लागतो असा समज आहे. छाया-प्रकाश चांगला जमायला हात लागतो, हे खरं. पण चित्र जमिनीतून खाली उतरतं की जमिनीवर पसरून राहतं, हे ठरतं एका खिळ्यावर आणि दोरीवर. तो भाग कुणालाही जमू शकतो.

किरण जमिनीला कुठे भेटतो

समजा कॅमेऱ्याची लेन्स जमिनीपासून १५० सेंटिमीटर उंच आहे. समोर ५० सेंटिमीटर उंचीचं खोकं ठेवलंय. लेन्सपासून खोक्याच्या वरच्या कोपऱ्याला एक सरळ रेषा जोडा. ती रेषा तिथवर पोचताना १०० सेंटिमीटर खाली उतरली. आता खोकं उचलून घ्या आणि रेषा तशीच पुढे जाऊ द्या. जमिनीला टेकायला तिला एकूण १५० सेंटिमीटर उतरावं लागेल, म्हणजे आधीच्या दीडपट. उतार तोच असल्यामुळे आडवं अंतरही दीडपट होईल. रेषा जिथे टेकली तिथे खडूचा ठिपका द्या. लेन्सला तो ठिपका आणि तो कोपरा यांत काहीच फरक कळत नाही, कारण दोन्ही एकाच रेषेवर आहेत.

संपूर्ण पद्धत एवढीच. आता तिला वापरता येईल असं रूप देऊ. लेन्सच्या बरोबर खाली, जमिनीवर जो बिंदू येतो त्याला आपण 'पाय' म्हणू. खोक्याचा कोपरा ज्या जागेच्या वर आहे ती जागा पायापासून जितकी लांब, त्याच्या दीडपट अंतरावर, त्याच दिशेनं ठिपका पडतो. हे दीड कुठून आलं? लेन्सची उंची भागिले (लेन्सची उंची वजा बिंदूची उंची), म्हणजे १५० भागिले १००.

यातून दोन गोष्टी निघतात आणि पुढचं सगळं काम त्याच करतात. पहिली: एकाच उंचीवरच्या सगळ्या बिंदूंना एकच गुणोत्तर लागतं. खोक्याचं झाकण चौकोनी असेल तर जमिनीवर ते चौकोनीच राहतं, फक्त मोठं होऊन पायापासून दूर सरकतं. दुसरी: खोक्याच्या उभ्या कडा जमिनीवर पायातून निघणाऱ्या किरणांसारख्या पसरतात. म्हणजे चित्रातली कुठलीही उभी कड मागे वाढवली की ती पायातच येऊन मिळाली पाहिजे. मिळत नसेल तर ती कड चुकली आहे. दुसऱ्याचं चित्र तपासायलाही ही एक कसोटी पुरते.

मनोरा नको, खड्डा घ्या

नवखा माणूस पहिल्यांदा काहीतरी उंच काढायला जातो आणि फसतो. लेन्स १५० सेंटिमीटरवर आणि चित्रातला फलक पायापासून २०० सेंटिमीटरवर उभा, असं धरा. फलकाचे पहिले २५ सेंटिमीटर जमिनीवर ४० सेंटिमीटर जागा घेतात. ५० उंचीला चित्र १०० सेंटिमीटर लांब होतं, ७५ ला २००, १०० ला ४००. १२५ उंचीला ते थेट १० मीटरवर जातं आणि रुंदी सहापट होते. १५० वर, म्हणजे लेन्सच्याच उंचीला, किरण आडवा होतो आणि जमिनीला कधीच भेटत नाही. लेन्सपेक्षा उंच वस्तू जमिनीवर काढता येतच नाही, कितीही मोठं मैदान असो. सोयीची मर्यादा म्हणजे लेन्सच्या उंचीच्या निम्मी. दोन-तृतीयांशाच्या पुढे खडूही पुरत नाही आणि वरच्या टोकाला एका बोटाची चूक फोटोत ठसठशीत दिसते.

खड्ड्याचं उलट असतं. तळातल्या कोपऱ्यापासून लेन्सपर्यंत येणारा किरण वाटेत जमिनीची पातळी ओलांडतो, ती जागा पायाच्या जवळ सरकलेली असते. गुणोत्तर होतं लेन्सची उंची भागिले (लेन्सची उंची अधिक खोली), म्हणजे नेहमी एकापेक्षा कमी. खड्डा कितीही खोल धरा, त्याचा जो भाग दिसतो तो खड्ड्याच्या तोंडातच मावतो. म्हणून कमी जागेत भीती घालायची असेल तर खाली जायचं, वर नाही. पदपथावरच्या गाजलेल्या थ्रीडी चित्रांत दऱ्या, विहिरी, तळघरं इतकी का असतात, त्याचं एक मोठं कारण हेच असावं.

एक मीटर खोल खड्डा, मापांसकट

साहित्य फार नाही: ट्रायपॉड, ओळंबा, ५ मीटरची दोरी, मोजायची टेप, खडू, कोळशाची पूड किंवा काळा पोस्टर रंग, आणि कॅल्क्युलेटर.

फोन ट्रायपॉडवर लावा आणि लेन्स बरोबर १५० सेंटिमीटरवर आणा. ओळंबा ट्रायपॉडच्या मधल्या दांड्यातून नाही, लेन्सखालून सोडायचा. फोनची लेन्स कोपऱ्यात असते, त्यामुळे दांडा आणि लेन्स यांत सहज चार-पाच सेंटिमीटरचा फरक पडतो. ओळंबा टेकला तिथे 'पाय' खूण करा आणि दोरीचं टोक तिथे खिळ्यानं किंवा चिकटपट्टीनं पक्कं करा. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांभोवतीही खडूनं रेघा मारून ठेवा. कुणीतरी धक्का देणारच.

खड्ड्याचं तोंड २०० सेंटिमीटर रुंद आणि २५० लांब घ्या. जवळची कड पायापासून १५० वर, लांबची ४०० वर, मध्यरेषा पायातून सरळ पुढे. हा आयत जसाच्या तसा जमिनीवर काढायचा, कारण तोंड जमिनीच्याच पातळीवर आहे आणि तिथे गुणोत्तर १ आहे.

खोली १०० सेंटिमीटर. गुणोत्तर १५० भागिले २५०, म्हणजे ०.६. पायापासून लांबच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणा. अंतर साधारण ४१२ सेंटिमीटर भरेल. त्याला ०.६ नं गुणा, दोरीवर २४७ वर खूण करा. तो झाला तळाचा मागचा उजवा कोपरा. डावीकडेही तसंच. दोन्ही खुणा जोडल्या की १२० सेंटिमीटरची रेषा मिळते, पायापासून २४० वर. तीच मागच्या भिंतीची तळरेषा. भिंत प्रत्यक्षात एक मीटर उंच धरली होती, जमिनीवर तिनं १६० सेंटिमीटर घेतले.

आता जवळचे कोपरे. तिथपर्यंत दोरी १८० भरते, तिचे ०.६ म्हणजे १०८. ही खूण तोंडाच्या बाहेर, तुमच्याकडे पडते. घाबरू नका, असंच व्हायला हवं. जवळची भिंत आपल्याला दिसतच नाही, तिला जवळचा काठ झाकतो. या खुणेपासून मागच्या कोपऱ्याच्या खुणेपर्यंत हलकी रेषा मारा. त्यातला तोंडाच्या आतला भाग ठळक करा, बाहेरचा पुसून टाका. ही तळाची बाजूची कड. ती तोंडाच्या बाजूला समांतर येते, चाळीस सेंटिमीटर आत. समांतर आली नाही तर कुठेतरी माप चुकलंय.

भिंतीवर विटांचे थर दाखवायचे असतील तर इथे बहुतेक जण घसरतात. मागच्या भिंतीचे १६० सेंटिमीटर चारनं भागून सारख्या रेघा मारतात आणि मग भिंत फुगलेली का दिसते ते कळत नाही. प्रत्येक थराला त्याच्या खोलीचं गुणोत्तर लावावं लागतं. २५ सेंटिमीटर खोलीला ०.८५७, ५० ला ०.७५, ७५ ला ०.६६७. मागच्या भिंतीवर या रेषा पायापासून ३४३, ३०० आणि २६७ वर येतात. म्हणजे थर वरून खाली ५७, ४३, ३३ आणि २७ सेंटिमीटरचे. जमिनीवर बघताना हे खुळचट वाटतं. फोनमधून सगळे थर सारखे दिसतात.

रेषांच्या जाडीचंही असंच. चार मीटरवर नजर जमिनीशी साधारण वीस अंशांचा कोन करते. तिथे आडव्या रेषेची जाडी एक-तृतीयांश दिसते, पण तुमच्यापासून दूर जाणाऱ्या रेषेची जाडी चेपली जात नाही. दोन्ही सारख्या दिसाव्यात म्हणून लांबच्या आडव्या रेषा तिप्पट जाड ओढाव्या लागतात. लांबच्या बाजूनं सुरुवात करून मागे सरकत या, म्हणजे स्वतःच्याच रंगावर गुडघे टेकावे लागणार नाहीत.

खोली रंगानं भरते, उन्हानं मोडते

आधी ठरवा की फोटो किती वाजता काढायचा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. सकाळी काढलेल्या सावल्या दुपारी खोट्या पडतात. त्या वेळी जागेवर एक काठी उभी करून तिच्या सावलीची दिशा आणि लांबी टिपा. काठी आणि सावली सारख्या लांबीच्या असतील तर सूर्य ४५ अंशांवर आहे. अशा वेळी ऊन नेमकं डावीकडून येत असेल तर १०० सेंटिमीटर खोल खड्ड्यात डाव्या काठाची सावली तळावर १०० सेंटिमीटर पसरते, म्हणजे २०० रुंदीच्या तळाचा बरोबर डावा अर्धा भाग. जमिनीवरच्या चित्रात तोच भाग १२० पैकी ६० सेंटिमीटर. डावी भिंत पूर्ण सावलीत, उजवी उन्हात. मागच्या भिंतीवर सावलीची सीमा वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून तळाच्या मध्याला मिळते. ती तिरपी रेष बरोबर पडली की खड्डा एकदम खरा वाटायला लागतो. सगळ्या रंगकामात या एका रेषेला मी सर्वाधिक किंमत देईन.

गडद जमीन तशीच सोडली की काळा तळ आपोआप मिळेल, अशी आशा ठेवू नका. उन्हातलं डांबर फोटोत करडं येतं. सावलीला कोळशाची पूड किंवा काळा रंग लागतोच. आणि तोंडाच्या कडेला दोन-तीन सेंटिमीटरची उजळ पट्टी ठेवा, फरशीची जाडी दिसावी म्हणून. ती नसेल तर खड्डा जमिनीवर टाकलेल्या छापील चादरीसारखा वाटतो.

खरी सावली हा चित्राचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. काठावर उभ्या माणसाची सावली खड्ड्यावर पडली तर ती सपाट जमिनीवरूनच जाते, तळात उतरत नाही. बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी खोटं आहे हे लगेच कळेल. माणूस उन्हाच्या उलट्या बाजूच्या काठावर उभा करा, किंवा ढगाळ दिवस निवडा आणि मग चित्रातही धारदार सावल्या काढू नका. फरशीचे सांधेही असेच चहाड्या करतात. चित्रातून सरळ आरपार जाणारी सांध्यांची रेष खड्ड्यावर पूल बांधल्यासारखी दिसते. ते सांधे रंगानं बुजवावे लागतात. चकचकीत फरशी असेल तर नाद सोडा, आकाशाचं प्रतिबिंब काहीही बुजवू देत नाही.

कॅमेरा हलला तर

कॅमेरा कुठे रोखलाय, झूम किती आहे, याचा या भ्रमाशी संबंध नसतो. लेन्स त्याच बिंदूवर ठेवून तुम्ही तो वर-खाली वळवू शकता. किरण एका बिंदूत भेटतात, एवढंच महत्त्वाचं. अतिविस्तृत लेन्स टाळा. ती कडेला आकार ताणते. भ्रम मोडत नाही, पण फोटो बघणाऱ्याला संशय येतो.

जागा हलली तर काय होतं, याचाही नेमका हिशेब आहे. लेन्स दहा सेंटिमीटर वर गेली तर खड्डा मोडत नाही, फक्त १०० ऐवजी १०७ सेंटिमीटर खोल दिसतो. बाजूला सरकली तर भिंती कलतात: दहा सेंटिमीटर सरकलात तर मीटरभर खोलीत जवळजवळ सात सेंटिमीटर. सरकलेलं अंतर भागिले लेन्सची उंची, तेवढा कल. म्हणून उंचावरून पाहायची मोठी चित्रं सहनशील असतात आणि टेबलावरची छोटी चित्रं लहरी.

प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहताना आणखी एक अडचण येते. आपले डोळे साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतरावर असतात आणि दोघांना मिळणाऱ्या चित्रांतल्या फरकावरून मेंदू खोली ओळखतो. दोन्ही डोळे उघडे असतील तर जवळची जमीन सपाट आहे हे त्याला कळतंच. एक डोळा मिटा, किंवा फोनच्या पडद्यात पाहा.

जमीन सोडून

पृष्ठभाग भिंत असेल तरी नियम तोच. फक्त 'पाय' म्हणजे डोळ्यापासून त्या पृष्ठभागावर टाकलेल्या लंबाचं टोक. हान्स होल्बाइननं १५३३ साली रंगवलेल्या आणि आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेल्या 'द ॲम्बॅसेडर्स' या चित्रात तळाशी एक तिरका, लांबट डाग दिसतो. उजवीकडून, अगदी भिंतीच्या जवळून पाहिलं की ती कवटी होते. तिथे पाय चौकटीच्या बाहेर पडतो, म्हणून ताण इतका भयंकर आहे.

पृष्ठभाग वाकडातिकडा असेल तर दोरी आणि गुणोत्तर थकतात. रोममधल्या सांत'इग्नाझिओ चर्चच्या कमानदार छतावर आंद्रेया पोत्सोनं सतराव्या शतकाच्या शेवटी खांब-कमानींचा आणखी एक मजला रंगवला. त्यानं आपल्या ग्रंथात समजावलेली युक्ती अशी: छताखाली धाग्यांची आडवी जाळी ताणायची, पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या जागी दिवा ठेवायचा, आणि जाळीची सावली छतावर जशी पडेल तशी आखायची. गणित प्रकाशानं करून टाकलं. पाहायची जागा फरशीत संगमरवरी चकतीनं दाखवलेली आहे. तिच्यावरून बाजूला झालात की खांब कोसळायला लागतात.

त्या दिव्याची जागा आता प्रोजेक्टरनं घेतली आहे. स्विस कलाकार फेलिस वारिनी असेच विखुरलेले तुकडे रंगवतो आणि ते एकाच जागेवरून वर्तुळं किंवा रेषा बनून जुळतात. २०१८ साली त्यानं फ्रान्समधल्या कारकासोनच्या जुन्या तटबंदीवर पिवळी वर्तुळं अशीच जुळवली. घरी करायचं तर प्रोजेक्टरची लेन्स जिथून बघायचं तिथेच हवी. किस्टोन सुधारणा (तिरपं पडलेलं चित्र आपोआप चौकोनी करणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर यंत्र तुमची आकृती परस्पर वाकवेल. अंधार करून कडा आखून घ्या, मग दिवे लावून रंगवा. जिथे प्रोजेक्टरचा प्रकाश पोचत नाही ती जागा तिथून दिसतही नाही, त्यामुळे ती रिकामी राहिली तरी चालतं. एका बैठकीत आखणी पुरी करा. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टर पुन्हा लावून तंतोतंत जुळवणं हा वेगळाच छळ आहे.

आधी कागदावर

मैदानात उतरण्याआधी ए-थ्री कागदावर एक खोकं काढून पाहा. फोन ३० सेंटिमीटरवर टेकवा, पाय टेबलावर खूण करा. सहा सेंटिमीटरचा चौरस, त्याची जवळची कड पायापासून ३५ वर. उंचीही सहा धरली तर गुणोत्तर ३० भागिले २४, म्हणजे १.२५. वरचा चौरस साडेसात सेंटिमीटरचा होतो, ४३.७५ पासून ५१.२५ पर्यंत. कोपरे पट्टीनं जोडा. प्रत्येक उभी कड मागे वाढवून पायात मिळते का ते तपासा. खोकं थोडं तिरकं ठेवलं तर दोन बाजू दिसतात आणि जास्त पटतं. गुणोत्तर तेच राहतं.

शेवटी कात्री घ्या. कागदाची मागची कड अशी कापा की खोक्याचा वरचा भाग कागदाबाहेर आलेला राहील. जोपर्यंत चित्राभोवती चारी बाजूंनी पांढरा कागद आहे, तोपर्यंत मेंदू त्याला कागदावरचं चित्रच समजतो. ती मागची कड गेली की खोकं टेबलावर उभं राहतं.